डांग्या खोकला : तान्ह्या बाळाला 'हूप' येत नाही, ते गप्प होतं

मानेवाड्याची आजी
१४ डिसेंबर, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी,

लेक आणि बाळ आत झोपलेत, तेवढ्यात लिहून घेते. गेले अडीच महिने आमच्या घरात जे झालं ते इथल्या आयांना, आज्यांना कळावं असं फार वाटतंय.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांचा तक्ता फळ्यावर कितीदा काढला असेल. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही तिन्ही नावं एका ओळीत, समोर 'त्रिगुणी लस'. मुलांनी पाठ केलं, मी पेपर तपासले. आणि तोच रोग माझ्या घरात येऊन बसला तेव्हा मला ओळखू आला नाही.

लेक सातव्या महिन्यात पुण्याहून बाळंतपणाला आली. घरात आम्ही दोघं, मुलगा-सून आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा. नवरात्रात या मोठ्या नातवाला सर्दी झाली. नाक गळतंय, शिंका, थोडा कोरडा खोकला, अंग मात्र गार. आमच्या रस्त्यावर तेव्हा सिमेंटीकरणासाठी खोदून ठेवलेलं, खिडकीच्या गजावर रोज बोटभर धूळ. सगळे म्हणाले, धुळीनं होऊन राहिलं. मीही म्हटलं.

एरवी सर्दी गेली की पाठोपाठ खोकला जातो. इथं उलटं झालं. दहाएक दिवसांत नाक कोरडं झालं आणि खोकल्यानं जोर धरला. तोही सारखा नाही. दिवसभर पोरगा गच्चीवर क्रिकेट खेळायचा, जेवायचा, अभ्यास करायचा. मध्येच ढास लागली की हातातलं टाकून बेसिनकडे धावायचा. एका दमात दहा-पंधरा वेळा खोकायचा, मधे श्वास घ्यायला फट नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी. आणि सगळा श्वास संपला की आत ओढताना 'हूऽऽप' असा लांब आवाज यायचा, रिकाम्या घशातून वारा ओढल्यासारखा. मग तारेसारखा चिकट कफ, त्यासोबत उलटी. दोन मिनिटांनी टॉवेलनं तोंड पुसून हा परत बॅट घेऊन वर. एके सकाळी उठला तर उजव्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. खोकताना बारीक शीर फुटली होती.

घराजवळच्या दवाखान्यात दोनदा नेलं. तिथं बसलेलं असताना ढास येत नाही, छातीला नळी लावली तर छाती साफ. ॲलर्जी म्हणाले, वाफ द्या म्हणाले. मी त्यांना दोष देत बसणार नाही, कारण तो 'हूप' मी घरात रोज ऐकत होते आणि मलाही तक्ता आठवला नाही.

दरम्यान बाळ जन्मलं. बारसं दिवाळीच्या तोंडावर आलं. त्या दिवशी माझं नाक गळत होतं. पाळण्याखालून बाळ देताना-घेताना 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणणारी मीच, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करणारीही जवळच. नंतरचे पंधरा दिवस तेल-पाणी, धुरी, शेक, रात्री मांडीवर घेणं, सगळं मी केलं. खोकला होता, पण मोठ्या माणसाला असतो तसा. रात्री जास्त, दिवसा कमी. मला 'हूप' कधीच आला नाही.

बाळ साडेचार आठवड्यांचं असताना त्याचं नाक चोंदलं. तीन दिवसांनी रात्री पावणेतीनला लेकीनं दूध पाजून माझ्याकडे ढेकर काढायला दिलं. मी खांद्यावरून खाली घेतलं तर त्याचं तोंड उघडं, कपाळाला आठ्या, चेहरा लालबुंद, खोकणाऱ्यासारखा, आणि आवाज नाही. काहीच नाही. लाल रंग उतरला आणि ओठ जांभळाचा रस लागल्यासारखे झाले. मुठी सैल पडल्या. मी पाठ चोळत होते, तळपायाला टिचक्या मारत होते आणि का कोण जाणे, मोठ्यानं आकडे मोजत होते. अकरावर त्यानं श्वास घेतला. रडला नाही, नुसता गळून पडला.

त्याच रात्री धंतोलीतल्या बालरुग्णालयात गेलो. तिथल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाकडे पाहायच्या आधी विचारलं, "घरात कोणाला खूप दिवसांचा खोकला आहे का?" मी आणि मोठा नातू, दोघंही समोरच उभे होतो. सुनेनं मोबाईलवर मोठ्याच्या ढासेचा व्हिडिओ काढून ठेवला होता, तो दाखवला. 'हूप' ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला आणि बाळाला थेट अतिदक्षता कक्षात घेतलं.

रक्तात पांढऱ्या पेशी ३८ हजार निघाल्या. नाकातून, पार घशाच्या मागून कापसाची काडी फिरवून नमुना पीसीआरला पाठवला. पण औषध अहवालाची वाट न पाहता त्याच पहाटे सुरू केलं. बारा दिवस तिथं होतो. ऑक्सिजन, नळीनं थोडं थोडं दूध, कफ ओढून काढणं, आणि ते मॉनिटरचं वाजणं. ते वाजलं की परिचारिका धावत यायची, बाळाच्या पाठीवर हात ठेवून वाट पाहायची. घरातल्या सगळ्यांना, मलाही, पाच दिवसांचं प्रतिजैविक दिलं.

बाळ आता घरी आहे, दूध पितंय. त्या बारा दिवसांत मी रोग नव्यानं शिकले, तो लिहिते.

जंतूचं नाव बोर्डेटेला पर्ट्युसिस. १९०६ मध्ये ब्रुसेल्समध्ये ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह जांगू यांनी तो वेगळा काढला. बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून केलेल्या खाद्यावर वाढवला. रोग त्याहून फार जुना आहे, पॅरिसमधल्या १५७८ च्या साथीचं वर्णन सापडतं.

आपल्या श्वासनळीला आतून अतिशय बारीक केस असतात. ते एका लयीत हलून धूळ आणि कफ वर ढकलत राहतात, अंगण झाडणाऱ्या खराट्यासारखे. हा जंतू नेमका त्या केसांनाच चिकटतो. रक्तात शिरत नाही, तिथंच बसून विषं सोडतो. एका विषानं केस असलेल्या पेशी मरून गळून पडतात. खराटाच गेला, मग कफ वर यायचा कसा? खोकूनच. म्हणून ती ढास. दुसरं विष रक्तात जातं आणि एका जातीच्या पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडू देत नाही, म्हणून त्यांचा आकडा एवढा चढतो. तान्ह्या बाळात तो फारच चढला तर रक्त घट्ट होऊन फुप्फुस आणि हृदयावर ताण येतो, हे मला तिथंच कळलं.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेळेची आहे. संसर्ग झाल्यापासून साधारण ७ ते १० दिवसांनी सर्दी सुरू होते. हा सर्दीचा काळ एक-दोन आठवड्यांचा. जंतू सगळ्यात जास्त पसरतो तो तेव्हा, आणि औषधानं आजार सौम्य होण्याची संधीही तेव्हाच. पण त्या दिवसांत तो साध्या सर्दीहून वेगळा दिसतच नाही. जेव्हा ढास लागते, 'हूप' येतो, तेव्हा विषानं आपलं काम उरकलेलं असतं. मग औषध जंतू मारतं, दुसऱ्याला होणारा संसर्ग थांबवतं, पण खोकला थांबत नाही. गारपीट थांबली म्हणून संत्र्याचं झाड दुसऱ्या दिवशी पालवत नाही, तसं. केस परत उगवायला कित्येक आठवडे जातात. चिनी भाषेत याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात.

मोठ्या नातवाचा पाच वर्षांचा बूस्टर लॉकडाऊनमध्ये राहिला होता. नंतर घेऊ म्हटलं आणि विसरलो. माझं तर लहानपणी काय झालं असेल ते सांगायला आता कोणी नाही.

कोणाच्या घरी हा आजार येऊन गेला असेल तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर माझं काही चुकलं असल्यास दुरुस्त करा.

---

रातराणी
१४ डिसेंबर, दुपारी ३.५२

आजी, वाचताना अकरापर्यंत मीही मोजलं. बाळ सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

---

लक्ष्मीनगरकर
१४ डिसेंबर, संध्या. ५.०५

माझा भाचा दोन महिन्यांचा आहे, म्हणून विचारतो. एवढ्या लहान बाळात 'हूप' येतच नाही का? मग ओळखायचं कसं?

---

बालरोगवाला
१४ डिसेंबर, रात्री ९.४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पूर्व नागपुरात काम करतो. आजींनी लिहिलंय ते बरोबर आहे. थोडी भर घालतो.

'हूप' म्हणजे ढास संपल्यावर अरुंद झालेल्या स्वरयंत्रातून जोरात आत ओढलेली हवा. तेवढा जोर लावायला ताकद लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती नसते. त्यामुळे तिथं 'हूप' शोधू नका. दूध पिताना दम लागणं, वारंवार गुदमरल्यासारखं होणं, चेहरा लाल होऊन निळा पडणं, श्वास काही सेकंद थांबणं, ढासेनंतर मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. कधीकधी खोकला नावालाच असतो, श्वास थांबणं हेच पहिलं लक्षण असतं. आणि बाळ तपासायच्या टेबलावर अगदी बरं दिसेल, छाती साफ असेल. आजींच्या सुनेनं केलं तसं मोबाईलवर चित्रण करून आणा. ढास पाहायला मिळाली की निदान अर्धं झालं.

मोठ्या मुलात आणि माणसात तीन गोष्टींवरून शंका घ्या. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, ताप नाही, आणि ढासेनंतर उलटी. पीसीआर पहिल्या तीन-चार आठवड्यांत उपयोगी, नंतर जंतू सापडत नाही.

गुंतागुंतीत सगळ्यात जास्त न्यूमोनिया. काही बाळांना आकडी येते, मेंदूला प्राणवायू कमी पडून इजा होऊ शकते. मोठ्या माणसांत खोकून खोकून बरगडी मोडलेली मी स्वतः पाहिली आहे.

संसर्गाचं म्हणाल तर गोवराच्या खालोखाल हाच. लस न घेतलेल्या, एका छताखाली राहणाऱ्या दहा जणांत आठ-नऊ जणांना होतो. औषध सुरू करून पूर्ण पाच दिवस होईपर्यंत, आणि औषध घेतलंच नाही तर खोकला लागल्यापासून तीन आठवडे, तान्ह्या बाळापासून लांब राहायचं.

आजी, एक सांगू? तुम्ही बाळाला मुद्दाम काही दिलं नाही. पण धुरीचं मात्र बोलायला हवं. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा टाकून खोली कोंडून जी धुरी देतात ती निरोगी बाळाच्या श्वासनळीलाही सोसत नाही. या आजारात तर धूर, थंड हवा, घशाला लागलेलं काहीही, यातून ढास सुटते.

---

मानेवाड्याची आजी
१४ डिसेंबर, रात्री १०.१५

डॉक्टरसाहेब, आभार. धुरी बंद केली. शेगडी मीच माळ्यावर टाकली.

---

जुनी इतवारी
१५ डिसेंबर, सकाळी ६.२०

वय ७८. आमच्या वाड्यात हा खोकला दर तीन-चार वर्षांनी यायचा. वाड्यात सात बिऱ्हाडं, एकाला झाला की रांगेनं सगळ्यांना. हुपहुप ऐकूनच शेजारच्या बाया सांगायच्या, डांग्या झाला जी याले. मग दारावरून गाढवीण घेऊन जाणाऱ्याकडून चमचा-चमचा दूध घ्यायचं. मी प्यायलो आहे. त्यानं काही झालं नाही, खोकला त्याच्या वेळेनंच गेला.

माझ्या पाठची बहीण तीन महिन्यांची होती. तिला हुपहुप आलीच नाही. आई म्हणायची, पोरगी शांत झोपली होती. साठ-पासष्ट वर्षं आम्ही हेच समजून होतो की ती झोपेत गेली, नजर लागली. काल रात्री तुमचं शीर्षक वाचलं आणि उठून बसलो. तेव्हा घरात मला आणि थोरल्याला डांग्या होता.

आई आता नाही. तिला सांगायला हवं होतं की नजर नव्हती.

---

मानेवाड्याची आजी
१५ डिसेंबर, सकाळी ७.०५

काका, तुमचं वाचून सकाळपासून काही सुचत नाहीये. त्या माउलीनं जन्मभर स्वतःला किती बोल लावले असतील.

---

कोराडी रोडचा बाबा
१५ डिसेंबर, सकाळी ११.३०

प्रामाणिकपणे विचारतो, रागावू नका. आमच्या मुलीला दीड महिन्याचा पहिला डोस दिला, रात्री १०२ ताप, मांडी सुजली, पोरगी चार तास रडली. बायको म्हणते दुसरा डोस नको. घरचेही म्हणून राहिले, आता कुठं दिसतो हा खोकला, जो रोग गेलाच त्याची लस काऊन द्यायची? आणि खासगीत 'पेनलेस' मिळते ती कशी?

---

बालरोगवाला
१५ डिसेंबर, दुपारी २.००

रागावण्यासारखं काहीच नाही. ताप आणि सूज या लशीत नेहमीची गोष्ट आहे, एक-दोन दिवसांत जाते. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीत, डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून शरीर जोरात प्रतिसाद देतं. 'पेनलेस'मध्ये त्या जंतूचे निवडक तुकडेच असतात, त्यामुळे त्रास कमी, पण संरक्षण लवकर विरतं. दोन्ही चालतात, पण ठरलेल्या वेळी घ्या. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार डॉक्टरांना विचारून. लसीनंतर आकडी, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं किंवा बाळ एकदम मलूल पडणं असं काही झालं असेल तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना नक्की सांगा. तुम्ही चार तास लिहिलंय, म्हणून मुलीला घेऊन एकदा प्रत्यक्ष भेटा, परस्पर डोस टाळू नका.

---

मानेवाड्याची आजी
१५ डिसेंबर, दुपारी ४.४५

बाबासाहेब, 'रोग गेला' यावर माझ्यातली मास्तरीण गप्प बसणार नाही.

जपानमध्ये १९७४ च्या सुमारास बहुतेक मुलांना ही लस मिळत होती. वर्षाला चारशेच्या आत रुग्ण आणि मृत्यू शून्य. मग लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातम्या आल्या, लोक घाबरले, लसीकरण कोसळलं. १९७९ मध्ये १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू. त्यानंतर तिथंच तुकड्यांची लस तयार झाली आणि १९८१ पासून द्यायला लागले. इंग्लंडमध्येही त्याच दशकात भीतीपोटी लस घेणारे फार कमी झाले आणि मोठी साथ आली. जंतू कुठंच गेलेला नाही. तो खोकणाऱ्या मोठ्या माणसांत राहतो. माझ्यात राहिला होता.

आणि ही लस कोणी केली तेही सांगते, मला फार भावलं. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स गावी १९३० च्या दशकात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी प्रयोगशाळेत काम करायच्या. दोघी आधी शाळामास्तरणी, आणि दोघींना लहानपणी हा खोकला झालेला. दिवसाचं काम आटोपलं की मंदीनं गांजलेल्या गरिबांच्या घरी जायच्या, खोकणाऱ्या लेकरासमोर खाद्याची काचबशी धरायच्या आणि म्हणायच्या, खोक. त्या बशीवर उगवलेल्या जंतूंपासून त्यांनी लस केली, नीट चाचण्या घेतल्या. पुढे घटसर्प आणि धनुर्वातासोबत ती एकत्र करण्यातही त्या होत्या.

पोरीला डोस चुकवू नका हो.

---

आशाताई हिंगणा
१५ डिसेंबर, रात्री ८.२०

नमस्कार जी. मी आशा म्हणून काम करते. आमच्याकडं येणाऱ्या बायांच्या मनात दोन गोष्टींचा गोंधळ असतो म्हणून सांगते.

पेंटाव्हॅलंट ६, १० आणि १४ आठवड्यांला. मग डीपीटीचा, म्हंजे त्रिगुणीचा, पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, दुसरा ५ ते ६ वर्षांत. हा दुसरा बूस्टरच जास्त राहतो. नऊ महिन्यांची गोवराची लस झाली की लोकं कार्ड कपाटात टाकून देतात. राहिला असंन तर सात वर्षांपर्यंत आपल्या केंद्रात डीपीटी मिळते, परत पहिल्यापासून सुरू करा लागत नाही. सर्दी-खोकला आहे म्हणून बाया डोसाला आणतच नाहीत. साध्या सर्दीत डोस देता येतो, आणून दाखवा तर खरं.

दुसरं. गरोदरपणी आम्ही देतो ते टीडी. त्यात धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला त्यात नाही. बायांना वाटते सगळंच त्यात आलं.

---

पहिल्यांदाच आई
१५ डिसेंबर, रात्री ११.५०

मला तिसावा आठवडा चालू आहे. टीडी झालं. म्हणजे मला आणखी काही घ्यावं लागेल का? हे सगळं वाचून झोप येत नाहीये. बाळाचा पहिला डोस सहा आठवड्यांना. त्याआधी काय?

---

बालरोगवाला
१६ डिसेंबर, सकाळी ८.१०

त्याआधीची सोय आईनंच करायची असते. टीडॅप नावाची, धनुर्वात-घटसर्पासोबत डांग्या खोकल्यावरचीही लस गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत देतात, दर गरोदरपणी नव्यानं. सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत मिळते. लस घेतल्यावर तुमच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात आणि पहिले दोन-तीन महिने त्याला सांभाळतात. तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून तिसावा आठवडा अगदी योग्य. टीडी झालं असलं तरी चालतं, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. ब्रिटनमध्ये २०१२ च्या साथीत बाळं दगावू लागल्यावर गरोदर स्त्रियांना ही लस सुरू केली.

बाळाला मांडीवर घेणारी आजी, आत्या, कामाच्या मावशी, बाबा यांनीही घेतली तर उत्तम. लहानपणीची लस जन्मभर पुरत नाही. आजार होऊन गेला असला तरी ती प्रतिकारशक्ती काही वर्षांनी ओसरते.

---

रातराणी
१६ डिसेंबर, सकाळी ९.००

आमच्याकडे सासूबाई तान्ह्या बाळाला खोकल्यावर मधाचं बोट चाटवतात. चालतं का? आणि घरात मोठ्या मुलाचं कफ सिरप पडून आहे.

---

बालरोगवाला
१६ डिसेंबर, सकाळी ९.३५

दोन्ही नाही. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा पक्षाघात होऊ शकतो. आणि सिरप या खोकल्याला शिवतही नाही. छिंदवाड्याची लेकरं २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात किडनी निकामी होऊन आपल्या नागपुरात आणली होती, दूषित कफ सिरपमुळे. त्या दिवसांत या शहरातल्या बालरोग विभागांत जे काम करत होते त्यांना ते विसरता येणार नाही. उरलेली बाटली मोठ्यालाही देऊ नका, टाकून द्या.

---

लक्ष्मीनगरकर
१६ डिसेंबर, दुपारी १.१५

भाच्याच्या घरी फोन केला. त्याच्या आजोबांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे. 'धुळीचा' म्हणत होते. ते आज आमच्याकडे राहायला येतायत, उद्या सकाळी त्यांना दाखवतो. बाळ ठीक आहे, पहिला डोस झालेला आहे.

---

मानेवाड्याची आजी
१६ डिसेंबर, दुपारी १.३०

फार बरं केलंत. आजोबांना वाईट वाटू देऊ नका. जेवायला बसताना ताट वेगळं केल्यासारखं वाटतं हो. मला वाटलं होतं.

---

कोराडी रोडचा बाबा
१७ डिसेंबर, संध्या. ७.४०

डॉक्टरांना भेटलो. त्यांनी रडण्याचं सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या वेळी तुकड्यांची लस द्यायचं ठरवलं. आज दिली. बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली आहे, आतापर्यंत ताप ९९.

आजी, बाळाचं कसं आहे?

---

मानेवाड्याची आजी
१८ डिसेंबर, पहाटे ५.१०

पोरीला बरं वाटतंय ना? रात्रभर अंगावर जाड पांघरूण घालू नका, एवढंच.

बाळाला परवा पहिला डोस दिला. आजार होऊन गेला तरी लस द्यावीच लागते म्हणाले. मला वाटलं होतं सुई टोचल्यावर रडून ढास लागेल, मी दाराबाहेर उभी होते. रडला खणखणीत. इतक्या मोठ्यानं की बाहेर रांगेतल्या बाया हसल्या, आणि मला रडू आलं. आवाज ऐकू आला म्हणून.

ढास अजून येते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की पुढचे काही महिने साधी सर्दी झाली तरी तो खोकला परत डोकं वर काढेल, घाबरायचं नाही, पण लक्ष ठेवायचं. आत्ता अडीचला आली होती. लेक झोपली होती, मी उठवलं नाही. माझ्या तोंडाला कापड बांधून त्याला उभा धरला, पाठीवर हात ठेवला आणि मोजलं. चारवर श्वास आला, मग चांगला जोरात खोकला, मग दूध मागितलं.